टाइलला हॅमर नको

बाथरूममध्ये धरायला दांडी लावायची होती,
स्टीलची, दीड फुटी, साडेसहाशेची.
सासरे म्हणाले, ती म्हाताऱ्यांना लागते.
स्वतःचं वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदू काढून चौथा दिवस.

नवरा हिंजवडीत, शुक्रवारी येणार.
सुतार उद्या येतो म्हणाला, त्याला तीन उद्या झाले.
म्हणून मीच पलंगाखालून ओढलं ड्रिल,
रबाळ्याच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा
थकलेल्या पगारापोटी घरी आलेलं.
त्याला या घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही.

आतल्या खोलीतून प्रश्न: बिट कोणतं?
म्हटलं, लावलेलं होतं ते.
थोडा वेळ काहीच नाही.
मग: देव भलं करो.

पेन्सिल टाइलवर उठेना,
मग पाकिटातली एक टिकली काढून चिकटवली,
तिच्या बरोब्बर मधे धरलं टोक.
ड्रिल टिकलीसकट घसरलं
ते थेट शॅम्पूच्या बाटलीपर्यंत.

"टाइलला हॅमर नको!"
बटण कुठलं ते सापडेपर्यंत
छापील कमळाला देठापासून तडा गेला.
सिडकोनं घरं दिली तेव्हाची टाइल,
ऐरोलीत काय, कुठंच मिळत नाही आता.

दुसऱ्या भोकाला ते पडल्या पडल्या कानानं बघत होते.
हे सिमेंट.
आता वीट लागली, लाल भुसा पडत असेल.
पडत होता.
कच्ची आहे, दाबू नकोस.
हं.
हा आवाज कसला?
थांब. हर्षदा, थांब!

अकरा वर्षं मी "अगं" होते,
नाहीतर मुक्ताची आई.
नावाकडे लक्ष जाईतो पाइप फुटला.

पाणी कपाळावर, मग छतावर, मग सगळीकडे.
मी भोकावर अंगठा ठेवला,
मग तळवा,
मग पाठ टेकून उभीच राहिले
पोस्टर चिकटवल्यासारखी.
बाहेर फोन वाजत होता, म्हणजे खालच्या कोळवणकर काकू,
म्हणजे पाणी त्यांच्या देवघरात पोचलं.

ते आले. भिंत चाचपत, एका डोळ्यानं.
दारावरच्या फळीमागे एक कॉक आहे
हे मला आजवर ठाऊक नव्हतं.
त्यांनी न बघता हात वर घातला, दोन आटे फिरवले,
पाणी गप्प.
आणि वळताना पाय सरकला.

दांडी अजून खोक्यात होती.
माझा खांदा होता.

भिजलेले दोघं तसेच उभे.
कुणीच काही बोललं नाही, बोलण्यासारखं होतं तरी.
मग म्हणाले, इद्रिसला बोलव,
आणि सांग पाइप मी फोडला.
तुझं नाव ऐकलं तर दुप्पट लावेल.

इद्रिसनं संध्याकाळी पाइप जोडला, जाता जाता दांडीही ठोकली,
अर्धा इंच तिरकी,
तडा गेलेल्या कमळावरून आडवी.
सासऱ्यांनी तिच्यावर आपला पंचा वाळत घातला.
पंच्याला बरी आहे, म्हणाले.

रात्री साडेतीनला पॅसेजमध्ये दिवा लागतो.
मी उठत नाही, पडून ऐकते.
कडी.
बादलीचा कान.
आणि स्टीलवर
त्यांच्या अंगठीची बारीक टिक.