मुका खिळा

ताश्कंदच्या छापखान्यात बाबा खिळे जुळवायचे.
आधी क, त्याच्या मागे एक मुका खिळा.
त्याला स्वतःचा आवाज नाही,
पण तो मागे उभा राहिला की क घशात खोल उतरतो
आणि आमच्या देशाचं नाव आमच्यासारखं वाजतं.
उझ्बेकांना तो फारसा लागत नसे, रशियनांना क्वचित.
खणात मोजकेच. दुपारपर्यंत संपायचे.

नाव छापायला बंदीच होती म्हणा.
कागदोपत्री आम्ही ‘पूर्वी त्या द्वीपकल्पात राहिलेले’.
कवी लिहीत, समुद्र. संपादक ठेवत.
कवी लिहीत, आमचा समुद्र. संपादक पेन्सिल उचलत.
मग कवितांमधून नुसतेच वारे सुटले, द्राक्षं पिकली,
एक प्रेयसी अठरा वर्षं
कुठल्याशा उबदार किनाऱ्यावर उभी राहिली.
वाचणाऱ्यांना तिचं गाव पाठ होतं.

झेविदे आत्या सूतगिरणीत. तिची एकच कविता आली:
सैनिकांनी दिलेल्या पंधरा मिनिटांत
तिच्या आईने उचललेलं पितळी कॉफीचं जातं,
आत अर्धवट दळलेल्या बिया.
शेवटच्या ओळीत नाव. धडधडीत.
बाबांनी तशीच जुळवली,
एक प्रत काढली, ओलीच कोटाच्या आत घातली,
मग चिमट्याने नाव उपसलं
आणि त्या जागी कोरं शिसं ठोकलं.

शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या पट्टीवर वाचायला शिकले.
म्हणजे देशाचं नाव मला आधी उलटं आलं,
आरशातल्यासारखं.
अजूनही सुलटं दिसलं की क्षणभर परकं वाटतं.

बाबा चिरचिकला गेले. तिथेच पुरले.
कोटाच्या अस्तरात सात मुके खिळे निघाले.
आई म्हणाली, चोरी.
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, असू दे.

सिम्फेरोपोलला उतरले तेव्हा स्टेशनबाहेर
स्वागताची पाटी होती. त्यावर नाव होतं, हातभर अक्षरांत,
रशियन. त्यात मुका खिळा नव्हताच.
टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठे?
काराचेश्मे, मी म्हणाले.
असं गाव नाही इथे, तो म्हणाला.
गावाचं नवं नाव मला माहीत होतं. सांगितलं नाही.
खिशात बोटांना शिशाचं काळं लागत होतं.
चला तर खरं, मी म्हणाले, वाट मी दाखवते.

मी तिथे कधीच गेले नव्हते.