पितळे

खडकीच्या चर्चमधल्या जुन्या वहीत
आन्सेल्मो पितेल्ली, बँडमास्तर.
पुढे काही पानांनी, त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला,
कुणा घाईतल्या कारकुनानं ऐकलं तसं टेकवलं: पितळे.

तेव्हापासून आम्ही पितळे.
"सोनार का?" लोक विचारतात.
नाही म्हणावं, तर सगळंच सांगावं लागतं.

महापालिकेत चार खेपा.
पणजीच्या दाखल्यावर 'रेजिना ऊर्फ यमुना'.
कोरेगाव पार्कातल्या भाषांतरवालीनं
ह्या 'ऊर्फ'वर अख्खी दुपार घालवली
आणि पैसे पानामागे घेतले.

मग तिकडचा कायदाच बदलला.
आता आजोबांपर्यंतच हात पोचतो,
पणजोबा एका पायरीनं लांब.
म्हणजे मी नाही.
अप्पा बसतात नियमात.

अप्पा, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
पासपोर्ट कधी काढलाच नाही,
फॉर्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले,
"रेशनकार्डावरचं नाव कापतील?"
"हे सोडल्याशिवाय ते ठेवता येत नाही," मी.
"मग राहू दे. ह्या महिन्याचे गहू आलेत का बघ."

फाईल कपाटावर गेली,
दोऱ्यासकट.

रात्री कवळी वाटीत काढून ठेवल्यावर
त्यांच्या खोलीतून आवाज येत होता.
पि. पिते. पितेली.
दातांशिवाय 'त' घसरत होता,
एक 'ल' दरवेळी कमी पडत होता.

पाण्याला उठलेला मी
अंधारात दाराशी थांबलो,
ओठांतल्या ओठांत
तो दुसरा 'ल' लावून देत.