रकाना अठ्ठावीस

बाबांचा तो कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो,
बोटीच्या विम्याखाली, आईच्या चष्म्याच्या पावतीवर.
एकोणचाळीस वर्षांत तो बाहेर आला तीनदा:
पेपर मिलमध्ये नोकरी मागताना,
बँकेने घराचं कर्ज नाकारलं तेव्हा,
आणि आज.

बाहेर सुपीरियर सरोवरावर बर्फ कुरकुरतंय.
मी टेबलावर फॉर्म पसरते, बाबा पेन झटकतात
आणि पहिली हरकत घेतात ती नावालाच.
हौक्कलामधला अर्धा क नौदलाने खाल्ला.
हा हौकला कोण, ते म्हणतात, मी त्याला ओळखत नाही.
त्यालाच काढलं असेल त्यांनी.

रकाना चोवीस. सेवेचा दर्जा: साधारण.
सन्माननीयच्या एक पायरी खाली,
म्हणजे जेवायला बोलावलं, पण पाट मांडला नाही.
रकाना अठ्ठावीस. कारण: व्यक्तिमत्त्वात दोष.
दोनच शब्द.
शेरा मारतात म्हणतात, ते उगाच नाही.

बॉयलर रूममध्ये वाफेचा नळ फुटला
तेव्हा बाबा बावीस वर्षांचे.
दर तासाला आकडे वाचून वहीत लिहायचे, हे त्यांचं काम.
त्यानंतर ते झोपेत आकडे बोलू लागले,
उठून भिंतीतले नसलेले व्हॉल्व्ह बंद करू लागले.
डॉक्टरने तपासलं अकरा मिनिटं
(बाबांनी घड्याळ बघितलं होतं, सवय).
लहानपणी अंथरूण ओलं करायचास का?
आईवर चिडायचास का?
नळाबद्दल काही विचारलं नाही.

जिल्ह्याच्या कचेरीतली मार्लिस बोद्री म्हणाली,
पंधरा वर्षांची मुदत केव्हाच टळली,
आता वरच्या मंडळाकडे जा. पुरावे लागतील.
आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी पुढे सरकवली.
बाबांनी दोन उचलल्या, एक माझ्या खिशात टाकली.
मी छत्तीस वर्षांची आहे.

पुरावा अलाबामाहून आला.
डेझमंड प्रुइटने टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं,
कारण त्याला आता एकाच डोळ्याने दिसतं:
रेइनो रात्री माझ्या खाटेपाशी यायचा,
कपाळावर हात ठेवून म्हणायचा, दोनशे चाळीस,
आणि निघून जायचा.
मला त्याचा त्रास नव्हता.
त्या जहाजावर माझं अंग तापलंय का
हे बघणारा दुसरा कोणी नव्हता.

आईला विचारलं, तू काय लिहितेस?
ती म्हणाली, लिही, की लग्नानंतर आठवड्यातच
मी पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणला.
सगळ्या भिंतींपासून लांब.
मला आजवर वाटायचं
पलंग सगळ्यांच्या घरी तिथेच असतो.

शेवटचा रकाना: बदल का हवा, थोडक्यात लिहा.
जागा चार ओळींची.
बाबांनी कॉफी गार होऊ दिली,
फावडं घेऊन दारातला बर्फ काढून आले,
शेजारच्यांच्या दारातलाही काढला,
आणि बोटं ताठलेली असतानाच लिहिलं:
माझे आकडे बरोबर होते.
रात्री दोनला वहीत वाढ नोंदवली होती.
कोणी वाचली नाही.
चौथी ओळ कोरी.
सहीत मात्र क इतका दाबून लिहिला
की खालच्या टेबलक्लॉथवर उमटला.

उत्तर यायला एकोणीस महिने लागले.
दर्जा: सन्माननीय.
कारण: सचिवांच्या अधिकारात,
म्हणजे दोष पुसला, पण नळ लिहिला नाही.
नाव तेच, हौकला.

आई डोळे पुसत होती. मी पाकीट उगाचच उलटंपालटं करत होते.
बाबांनी कागद उजेडात धरला, दोनदा वाचला.
चला, म्हणाले, हौकलाचं भलं झालं.
बिचारा फार दिवस लटकला होता.

मग डब्याचं झाकण लावता लावता थांबले:
नावासाठी फॉर्म वेगळा असतो का गं?