उतार

दिवाळीची सुट्टी संपून
दुसऱ्या सत्राचा पहिला सोमवार.
सातला मी कुलूप काढते.
वर्गात अठरा दिवसांची हवा कोंडलेली,
खडूची, उंदरांच्या लेंड्यांची,
आणि कुणाच्या तरी डब्यात विसरलेलं थालीपीठ,
आता हिरवं.
डबा घासते. झाकणावर नाव: हृदान भोईर, दुसरी ब.
(दुसरी अ नाहीच आमच्याकडे.
मग ब का, ते सिस्टर लुर्डिनांनाही ठाऊक नाही.)

साडेसातला पोरं.
एकाची भुवई फटाक्यानं जळलेली,
तन्वीरचे पुढचे दोन दात गायब,
इलायशा कुटिन्होचे केस पोरासारखे कापलेत
आणि ती रडते, की मला कुणी ओळखतच नाही.
मी ओळखलं.
मी सगळ्यांना बुटांवरून ओळखते.

एक नवी मुलगी, कोलशेतच्या टॉवरमधली,
आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभी.
बाईंनी सोडवलं,
एकेक बोट करत.

पटांगणाच्या टोकाला कंबरभर भिंत,
भिंतीपलीकडे सिमेटरी,
आणि भिंतीला लागून घसरगुंडी.
ती बावतीसनं केलेली,
वागळे इस्टेटच्या शेडमध्ये, उरलेल्या पत्र्याची,
फादरांकडून एक पैसा न घेता.
उतार चुकला.
उद्घाटनालाच पहिला पोरगा मधोमध अडकला
आणि तिथंच बसून राहिला,
सगळे टाळ्या वाजवत होते तरी.
तेव्हापासून सोळा वर्षं
पोरं चढतात, अर्ध्यावर थांबतात,
मग बुडानं रेटत रेटत खाली.
लोक म्हणायचे, बावतीस, ही घसरगुंडी नाय रे,
बाकडं हाय.
तो हसायचा.
रात्री मात्र कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं रेघा मारायचा,
खोडायचा, पुन्हा मारायचा.
'चार इंच, एस्पू. नुसते चार इंच.'
मग शेड बंद पडली.
मग तो.

मधल्या सुट्टीत आरडाओरडा ऐकला
आणि झाडू घेऊनच धावले.
पाहते तर
सर्र!
हृदान वरून सुटला तो थेट मातीत.
त्याच्यामागं तन्वीर, सर्र,
तोंड उघडं, दातांच्या जागी नुसती फट.
त्याच्यामागं इलायशा, उडायला केस नाहीत
तरी मान झटकत.
मधे कुणीच थांबेना.

काय लावलंत रे?
सगळे गप्प. सगळ्यांचे हात पाठीमागं.
शेवटी नव्या मुलीनं मूठ उघडली,
तीच, सकाळची.
आत मेण.
पांढरं, गुलाबी, काजळी धरलेलं,
एका तुकड्यात वात,
एका तुकड्यात झेंडूची पाकळी.
दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी,
आम्ही पलीकडे लावलेल्या मेणबत्त्या
यांनी भिंतीवरून उड्या मारून
खरवडून आणलेल्या.

ओरडायला पाहिजे होतं.
ऑफिसच्या खिडकीत सिस्टरांचा चष्मा दिसत होता.
मी विचारलं, कुठल्या कबरीवरचं?
हृदान म्हणाला, ती पेरूखालची.
तिथं सगळ्यात जास्त होतं, मावशी,
ढीग होता.

असणारच.
पाकिटात बारा होत्या.
वाऱ्यानं विझायच्या, मी परत लावायचे,
अंधार पडेपर्यंत
घरी जायला नको म्हणून.

हात पुढं केला. तिनं मेण माझ्या हातावर ठेवलं,
मुठीतलं, ऊबदार, थोडं मऊ झालेलं.
म्हटलं, अगदी वर लावलंच नाय तुम्ही.
हात पोचत नसेल.
झाडू भिंतीला टेकवला,
टाचा उंच केल्या
आणि पत्र्याच्या वरच्या टोकापासून
घासत आणलं खालपर्यंत,
जोडाच्या रेघेवर दोनदा,
तिथं त्याचं वेल्डिंग जरा वर आलंय.

घंटा मीच देते.
त्या दिवशी उशिरा दिली.

शाळा सुटल्यावर सिस्टर म्हणाल्या,
पोरींच्या स्कर्टना मागून डाग कसले?
मेणाचे, मी म्हटलं.
वर कागद ठेवून इस्त्री फिरवली
की निघतात.