पिसं

सात नंबरच्या खोलीतला पाहुणा पुस्तक विसरून गेला.
जुनी गोष्ट, रक्त पिणाऱ्या सरदाराची,
आमच्याच कार्पेथियन डोंगरातली म्हणे.
नऊ रात्री वाचलं, खानावळीच्या चुलीपाशी,
एका हातानं मामालिगा ढवळत.
एकशे बाराव्या पानावर मक्याचं पीठ सुकलंय.

भीती? छे.
मला फक्त काही विचारायचं होतं.

गढीत नोकर एकही नाही, असं लेखक दोनदा सांगतो.
मग पहिल्याच रात्री टेबलावर
भाजलेलं बदक आलं कुठून?
बदक म्हणजे काय गंमत आहे!
उकळतं पाणी लागतं, दोन बायका लागतात,
आणि पिसं आठवडाभर घरात उडत राहतात,
नाकात, पिठात, मारियेच्या तसबिरीवर.
पुस्तकात एकही पीस उडत नाही.

आरशात दिसत नाही तो. बरं.
मग भांग इतका सरळ कसा पाडतो?
इतक्या शतकांत कुणीच म्हणालं नाही,
सरकार, कॉलरला डाग आहे?
आणि रक्ताचा डाग ताजा असतानाच चोळावा लागतो,
गार पाण्यात, मीठ घालून.
गरम पाणी लागलं की बसलाच तो कायमचा.
कोण चोळत होतं?

माझी आई थोरल्या घरची धुणी धुवायची,
नदीवरचा बर्फ फोडून.
तिचेही हात कायम गार असत.
तिला कुणी कादंबरीत घातलं नाही.

ग्रिगोरे म्हणाला, अगं साविएता, गोष्ट आहे ती,
गोष्टीला पोट नसतं.
नसेल.
पण गोष्टीतला पाहुणा दोन्ही वेळा जेवतो,
ताट पुसून.

सगळ्यात अडलं ते मातीपाशी.
परदेशी जाताना तो पेट्या भरभरून माती नेतो,
तिच्याशिवाय झोप नाही म्हणून.
कुठल्या शेतातली? कुणाच्या कुदळीनं?
खणणाऱ्यांना मजुरी मिळाली का,
की नुसतं वर न बघता घरी जा म्हणाले?
लसणाचे कोंब होते का तिच्यात,
की कुणाचं वर्षाचं पोर?
शेवटी सगळे शूर लोक मिळून त्याला संपवतात,
एकमेकांचे हात घट्ट धरतात, आपापल्या घरी जातात.
पेट्या तिकडेच.
माती परत कुणी आणली, कुठे ओतली,
शेवटची पानं पुन्हा पुन्हा उलटली मी.
नाही.

आज पहाटे पुस्तक पोस्टात टाकायला बांधलं.
पत्ता वहीत होता, आरहूसचा.
बांधण्याआधी मध्ये एक पीस ठेवलं,
कालच्या बदकाचं, मुळाशी थोडं लाल.
चिठ्ठी नाही लिहिली.

सात नंबरात आज रात्री दोघं यायची आहेत.
पाणी उकळायला लागलंय,
आणि फ्लोरिकाचा अजून पत्ता नाही.