सातवा बाक

रायबंदरहून चोडणची फेरी पकडली तेव्हा
माझ्या खांद्यावर कागदांचं नळकांडं होतं
आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवर
टोपलीखाली झाकलेला कोंबडा.
तिकीट दोघांनाही नव्हतं.

जागा आधी वाचायची, असं शिकवलंय आम्हाला.
वाचली.
वारा नैर्ऋत्येचा, माती खारी,
उतार हजारात दोन.
बांधाच्या अलीकडे खाजन, पलीकडे खारफुटी,
मधे मानस:
भरतीचा धक्का लागला की मिटणारी,
ओहोटीला आपणहून सैल होणारी
काळपट लाकडाची झडप.
वहीत लिहिलं: पडीक. वाव भरपूर.

मग ट्रेसिंगवर एक लाकडी वाट काढली,
तिला उगाचच तीन वळणं,
पक्षी बघायला सज्जा,
सोळा बाक, प्रत्येकी दीड मीटर.
आणि माणसं.
माणसं संगणकात तयार मिळतात:
एक उंच बाई कुत्र्यासकट,
एक मूल फुगा धरून,
सगळी थोडी थोडी पारदर्शक,
चिखलात एकाचंही पाऊल उमटत नाही.

कायतानला दाखवला कागद.
यंदाच्या पावणीत मानशीची मासळी त्यानं घेतलीय,
म्हणजे वर्षभर झोपही त्याची पाण्याच्या वेळेवर.
कागद त्यानं उलटा धरला, मग सुलटा,
मग ओलं बोट टेकवलं सातव्या बाकावर.
‘ह्या बाकार कुल्ल्यो बसतल्यो,’ म्हणाला,
आणि इतका हसला
की दातातली विडी पाण्यात पडली.

अवसेला ये, म्हणाला.
गेले.
रात्री अकराच्या सुमाराला
माझी तिन्ही वळणं पाण्याखाली होती.
पाणी कुठून आलं ते दिसलं नाही,
फक्त बांधाची कड बारीक होत गेली
आणि कंदिलाच्या उजेडात सुंगटांचे डोळे,
लाल, शेकड्यांनी.
बांधाच्या टोकाला एका चिऱ्यावर
रोटी, विडी, करवंटीत दोन घोट सोरो.
देवचाराचं, कायतान म्हणाला. तो फिरतो ना रात्रभर, बांध बघत.
‘वापरणारे’ या रकान्यात मी त्याचं नाव लिहिलं.
वेळ: मध्यरात्र ते पहाट.
गरजा: विचारायच्या राहिल्या.

पहाटे ओहोटीला पिएदाद आली, आणखी चौघी,
तिसऱ्या काढायला.
साडी-झगे गुडघ्यावर खोचलेले.
चिखलात उतरायला त्यांनी कुठला तरी मोडका दरवाजा टाकलाय,
बिजागरी अजून तशीच आहे त्याला.
पाय धुवायचा दगड ठरलेला,
टोपली टेकायची फांदी ठरलेली,
कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलायचं ती सावलीही.
पडीक म्हणे.
मी वही मिटली आणि तो दरवाजा मोजला:
दोन मीटर दहा, एका बाजूला कुजलेला.

नव्या कागदावर पहिली रेघ पाण्याची काढली,
अवसेच्या पाण्याची,
मग उरलेल्या जागेत भीतभीत बाकीचं.
चिऱ्याच्या पाच पायऱ्या, पिएदादच्या गुडघ्यांच्या मापाच्या.
एक सावली वाढवली, वडाची नाही, भेंडीची; खारं पाणी तिला चालतं.
वाट सरळ. बांधाइतकीच रुंद.
सज्जा पुसला. ब्लेडनं खरवडताना
कागद जरा फाटला, तो तसाच दिला.

परीक्षक बाईंनी चष्मा वर केला.
‘यात तुझं काय आहे?’
मला पटकन सांगता येईना.
कायतानही मी हातानंच काढला होता,
नाक चुकलंय, जाळं बरं आलंय,
पाय घोट्यापर्यंत चिखलात.

मग त्यांचं लक्ष गेलं. ‘आणि हा एकटा बाक?
हा तर भरती-रेषेच्या आत आहे.’

हो, म्हटलं. तो मुद्दाम.
खाली टीप आहे, बारीक अक्षरात:
ओहोटीला माणसं. भरतीला कुल्ल्यो.

त्यांनी लाल पेन्सिलीनं शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं.
थोडं वाकडं, आकडा उगारलेल्या कुर्लीसारखं.