दुरुस्ती

गेडाम सरांनी फळ्यावर लिहिलं : आदर्श वायू.
कणांना जागा लागत नाही,
ओढ नसते कुणाची कुणाला.
मी मागच्या बाकावर हसले.
बाजाराच्या दिवशी सिंदेवाहीच्या काळीपिवळीत
असा एक कण दाखवा, सर.

पंक्चरच्या टपरीत बाप ट्रकवाल्याला सांगे,
"हवा जराशी कमीच भरतो भाऊ,
उन्हानं फुगते थे,"
अन् टायरवर तळहात ठेवी,
ताप बघावा तसा.

पौषात सरांनी समीकरण दुरुस्त केलं :
भिंतीकडे निघालेल्या कणाला
मागचे किंचित ओढून धरतात,
तेवढा दाब कमी भरतो.

नागपूरला निघाले तेव्हा
बापानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून
पेटी करकचून बांधली.
बोलला काहीच नाही.

शहरावर आदळले मी,
पण जरा हळू.